प्रश्न तुमचे : बहुविकलांगांची तंदुरुस्ती आणि सहभाग

गेल्या अंकातील बहुविकलांग मुलांच्या संगोपनावरील उत्तरे वाचून नाशिक शहर आणि जिल्ह्यातून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच शंकेवर होता: ज्यांना मान सावरणे, बसणे किंवा बोलणेही अवघड जाते, त्यांच्या बाबतीत व्यायाम, खेळ आणि तंदुरुस्ती यांविषयी बोलण्यात काही अर्थ आहे का? त्यांपैकी पाच पत्रे येथे संक्षेपाने दिली आहेत. पत्रलेखकांची नावे मुद्दामच वगळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा असून त्याला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे) आहे. दृष्टी अधू आहे, तो बोलत नाही, आधाराशिवाय बसत नाही आणि फिटची औषधे लहानपणापासून चालू आहेत. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट घरी येऊन हातपाय ताणून देतात. अलीकडे कपडे बदलतानासुद्धा त्याला धाप लागते, पोट साफ होत नाही. त्याचा फिटनेस वाढवता येईल का, असे मी घरात विचारले, तर ‘याला कुठे शर्यतीत पळायचे आहे’ असे उत्तर मिळाले. मी भलतीच अपेक्षा करते आहे का? (एक आई, इंदिरानगर)

उत्तर : आपल्या पत्रातील धाप लागण्याचा उल्लेख सर्वांत महत्त्वाचा असल्यामुळे आधी त्याविषयी लिहितो. ही धाप गेल्या काही आठवड्यांत वाढली असेल, तर व्यायामाचा विचार करण्यापूर्वी डॉक्टरांकडून छाती तपासून घ्यावी, कारण गिळताना अन्नाचे कण किंवा लाळ श्वासनलिकेत जाणे, पाठीचा कणा वाकल्यामुळे फुफ्फुसांना जागा अपुरी पडणे आणि रक्तक्षय ही कारणे अशा मुलांमध्ये वरचेवर आढळतात आणि व्यायामाने ती दूर होत नाहीत. यांपैकी काहीच नसेल, तर शरीराची श्रमांची सवय मोडली आहे एवढाच त्याचा अर्थ होतो आणि त्यावर इलाज करता येतो.

घरच्यांना एवढेच सांगावे, की पळणाऱ्या मुलापेक्षा याला तंदुरुस्तीची गरज अधिक आहे. ज्याच्याकडे ताकदीची शिल्लक मुळातच थोडी असते, त्याला खोकून कफ सुटा करणे, जेवण होईपर्यंत मान सावरून धरणे, खुर्चीत तासभर बसणे ही सगळी मेहनतीचीच कामे असतात, आणि न्यूमोनियासारख्या आजारातून उठताना हीच शिल्लक उपयोगी पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली शारीरिक हालचालींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे नव्याने प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांत अपंगत्व असलेल्या व्यक्तींसाठी प्रथमच स्वतंत्र शिफारशी केल्या. ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांसाठी त्यांत दिवसाला सरासरी ६० मिनिटांची शिफारस आहे. तो आकडा पाहून घाबरून जाऊ नये, कारण त्याच दस्तऐवजात असेही म्हटले आहे, की शिफारशीइतके जमले नाही तरी थोडी हालचाल अजिबात न करण्यापेक्षा बरी, आणि सुरुवात थोडक्यापासून करून ती हळूहळू वाढवत न्यावी.

आता हातपाय ताणून देण्याविषयी. सांधे आखडू नयेत म्हणून ते केले जाते आणि ते बंद करा असे मी सुचवणार नाही; मात्र त्या अर्ध्या तासात घाम येतो तो थेरपिस्टला. मुलाचे हृदय, फुफ्फुसे आणि स्नायू कामाला लागायचे, तर हालचालीचा काही भाग, मग तो कितीही लहान असो, त्याने स्वतः करायला हवा. त्यासाठी वेगळा वेळ काढण्याची गरज नसते, कारण दिवसभरात त्याला उचलण्याचे, वळवण्याचे, कपडे घालण्याचे जे प्रसंग येतात, तेच त्याचे व्यायामाचे प्रसंग होऊ शकतात.

पँट चढवण्याचेच पाहा. बहुतेक घरांत मुलाला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवून, पँट ओढून, दोन मिनिटांत काम उरकले जाते. त्याऐवजी त्याला पाठीवर झोपवून दोन्ही गुडघे दुमडावेत, तळपाय गादीवर टेकवून एका हाताने स्थिर धरावेत, दुसरा तळहात त्याच्या कमरेखाली, माकडहाडाच्या किंचित वर, नुसता टेकवावा आणि दर वेळी त्याच शब्दांत सांगावे, ‘कंबर वर घे.’ मग थांबावे. ऐकलेल्याचा अर्थ लागून स्नायू हलेपर्यंत अशा मुलांना दहा, पंधरा, कधी वीस सेकंदही लागतात, आणि आपण तिसऱ्या सेकंदालाच ‘आज याचे मन नाही’ असे म्हणून त्याला उचलून मोकळे होतो. थांबल्यावर तळहातावरचा भार किंचित हलका झाल्याचे जाणवले, तर ती त्याची स्वतःची उचल होय. उरलेले आपण पूर्ण करावे. कपडे दिवसातून चार-पाच वेळा बदलले जातात, म्हणजे तेवढ्या वेळा ही संधी मिळते. मात्र पाय रेटताना त्याचे सगळे शरीर मागे ताठ होत असेल, तर ती उचल समजू नये. अशा वेळी पायांची ठेवण कशी बदलावी, हे थेरपिस्टकडून हाताला हात लावून शिकून घ्यावे. किंबहुना त्यांना स्पष्ट विनंती करावी, की भेटीतील निम्मा वेळ ताणण्यासाठी आणि निम्मा वेळ अशा रोजच्या कृती घरच्यांना शिकवण्यासाठी द्यावा.

स्टँडिंग फ्रेम (आधाराने उभे राहण्याची चौकट) मिळू शकली तर ती अवश्य वापरावी. पाच-दहा मिनिटांपासून सुरुवात करून, चेहऱ्यावर त्रास दिसत नसेल तर, अर्ध्या-पाऊण तासापर्यंत जावे. उभे राहिल्याने हाडांवर भार येतो, श्वास मोकळा होतो आणि अनेकांचे पोट साफ होण्यासही मदत होते. परंतु त्याआधी खुब्यांचा एक्स-रे पाहिलेला असावा. सेरेब्रल पाल्सीतील हालचालींच्या क्षमतेची जी पाच स्तरांची वर्गवारी कॅनडातील संशोधकांनी १९९७ साली मांडली आणि आज जगभर वापरली जाते, तिच्यानुसार आपला मुलगा बहुधा पाचव्या, म्हणजे सर्वांत तीव्र, स्तरात येईल, आणि ऑस्ट्रेलियातील २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत या स्तरातील सुमारे ९० टक्के मुलांचे खुबे कमी-अधिक सरकलेले आढळले होते. वर्ष-दीड वर्षात एक्स-रे काढलेला नसेल, तर हाडांच्या डॉक्टरांना आपणहून विचारावे.

आणखी एक गोष्ट हाडांविषयीचीच आहे. न चालणाऱ्या मुलांची हाडे ठिसूळ राहतात. त्यातच फेनिटॉइन किंवा फेनोबार्बिटोन ही फिटची औषधे वर्षानुवर्षे चालू असतील, तर ड जीवनसत्त्वही कमी पडते. म्हणून ते तपासून घ्यावे, आणि पाय हलवताना घोट्याला धरून ओढू किंवा पिरगाळू नये; मांडीला आणि पोटरीला खालून आधार द्यावा. न बोलणारे मूल एखाद्या दिवशी पायाला हात लावताच रडू लागले, किंवा मांडी सुजलेली वा गरम लागली, तर ‘हट्ट करतो आहे’ असे न समजता त्याच दिवशी एक्स-रे काढावा. जेवणानंतर किमान तासभर कोणताही व्यायाम नको, आणि ज्या रात्री झोप झाली नसेल किंवा फिट येऊन गेली असेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी सक्तीची विश्रांती द्यावी.

प्रश्न : नातीला मी रोज सकाळी तिळाच्या तेलाने मालीश करते. ती खुलते, हसते. मालीश झाली म्हणजे वेगळ्या व्यायामाची गरज नाही, असे शेजारी म्हणतात, ते बरोबर आहे का? (एक आजी, चांदवड)

उत्तर : आजी, मालीश चालू ठेवावी, कारण नातीचे हसणे हेच त्यासाठी पुरेसे आहे, पण मालिशीने स्नायूंची ताकद किंवा दम वाढत नाही. थोडा बदल मात्र करून पाहता येईल. एका हाताला तेल लावून झाले, की दुसऱ्या हाताकडे लगेच न जाता तेलाचा तळवा तिच्या हातापासून वीतभर दूर धरून ठेवावा आणि ती स्वतः हात पुढे करते का, याची वाट पाहावी. ती हात पुढे करू लागली, की अंतर बोट-बोट वाढवावे. मालीश करताना माकडहाड, खुबे आणि टाचा रोज नीट पाहाव्यात. दाबूनही न जाणारा लालसर डाग दिसला, तर तो भाग अजिबात चोळू नये, तेथे भार येऊ देऊ नये आणि डॉक्टरांना दाखवावे. एका कुशीवर दोन तासांपेक्षा जास्त वेळ राहू देऊ नये. आणि नात मोठी होत असेल, तर तिला एकटीने उचलणे आता आपण थांबवावे.

प्रश्न : माझी अकरा वर्षांची मुलगी बहुविकलांग आहे. तिचे नाव नियमित शाळेच्या पटावर असून शिक्षण घरून चालते. शाळेत सर्व मुलांची फिटनेस चाचणी झाली, तेव्हा तिच्या नावापुढचे रकाने कोरे सोडले गेले. ‘हिचे काय मोजणार,’ असे शिक्षक म्हणाले, आणि मलाही उत्तर सुचले नाही. खरोखरच काही मोजता येत नाही का? (एक वडील, ओझर)

उत्तर : शाळांमध्ये खेलो इंडियाच्या धर्तीवर होणाऱ्या चाचण्यांत नऊ वर्षांपुढील मुलांसाठी ५० मीटर आणि ६०० मीटर धावणे, पुश-अप, बसून पुढे वाकणे आणि उंची-वजनावरून काढलेला बॉडी मास इंडेक्स यांचा समावेश असतो. आपल्या मुलीला यांतील एकही चाचणी लागू पडत नाही हे खरे. पण चाचणी लागू पडत नाही, यावरून मुलीत मोजण्यासारखे काही नाही असे ठरत नाही. बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरून शिकण्याचा पर्याय शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने दिला आहे, परंतु त्या पर्यायाच्या आडून शारीरिक शिक्षणाचा विषयच गाळला जावा, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठात आली वानिंगे यांनी नेमक्या याच प्रश्नावर, म्हणजे तीव्र बौद्धिक आणि बहुविध अक्षमता असलेल्या व्यक्तींची तंदुरुस्ती कशी मोजावी यावर, संशोधन करून २०११ साली डॉक्टरेट मिळवली. चाचणी व्यक्तीला जुळवून घेतली, म्हणजे मोजमाप करता येते, असे त्या कामाचे सार सांगता येईल.

घरी काय करता येईल, ते पाहू. वजनासाठी आपण तिला उचलून घेऊन वजनकाट्यावर उभे राहावे आणि त्यातून आपले वजन वजा करावे. उंचीची गोष्ट मात्र अवघड आहे. गुडघे दुमडलेले आणि पाठ वाकलेली असताना टेपने डोक्यापासून टाचेपर्यंत घेतलेले माप कमीच भरते, आणि त्यावरून काढलेला बॉडी मास इंडेक्स हाडकुळ्या मुलीलाही चांगल्या अंगाची ठरवतो. म्हणून गुडघ्याची उंची मोजावी. गुडघा आणि घोटा दोन्ही काटकोनात ठेवून टाचेच्या तळापासून गुडघ्याच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये घ्यावे, त्याला २.६९ ने गुणून २४.२ मिळवावेत; गुडघ्याचे माप ३६ भरले, तर उंची सुमारे १२१ सेंटिमीटर येईल. सेरेब्रल पाल्सी असलेल्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हे सूत्र १९९५ पासून वापरात आहे, तेव्हा आपल्या मुलीसाठी आणखी वर्षभर ते चालेल. त्यानंतर एकाच वेळेच्या आकड्यापेक्षा दर महिन्याचे वजन आणि दंडाचा घेर कोणत्या दिशेने जातो आहे, इकडे लक्ष द्यावे.

दमासाठी करोनाच्या काळात घरोघर आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर उपयोगी पडते. मुलगी शांत पडून पाच मिनिटे झाली, की नाडीचा आकडा लिहून ठेवावा, ती स्वतः हालचाल करत असताना पुन्हा पाहावा, आणि थांबल्यावर किती मिनिटांत तो मूळ जागी येतो ते नोंदवावे. काही आठवड्यांत तीच कृती कमी नाडीत होऊ लागली किंवा नाडी लवकर खाली येऊ लागली, तर ती खरी सुधारणा होय. एक सावधगिरी मात्र हवी. नाडी भीतीनेही वाढते, वेदनेनेही वाढते आणि अंग आखडल्यावरही वाढते. म्हणून आकड्याशेजारी चेहरा कसा होता, हे चार शब्दांत लिहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. हाताच्या थरथरीमुळे आकडा उड्या मारत असेल, तर ऑक्सिमीटर पायाच्या बोटाला लावून पाहावे.

याखेरीज तिला साध्य होऊ शकेल अशी एकच कृती निवडावी, उदाहरणार्थ आधाराने बसवल्यावर मान किती सेकंद सावरते, आणि महिन्यातून एकदा, त्याच खुर्चीत, त्याच कोनातून मोबाइलवर चित्रीकरण करावे. रोज पाहणाऱ्याच्या नजरेतून जे सुटते, ते चार महिन्यांच्या चित्रफिती शेजारीशेजारी ठेवल्यावर दिसते. ही नोंदवही घेऊन शाळेत जावे आणि तिच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात शारीरिक शिक्षणाचा भाग म्हणून हीच मोजमापे लिहून घेण्याचा आग्रह धरावा. रकाने कोरे ठेवणाऱ्या शिक्षकांवर मी राग धरणार नाही. काय लिहावे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

प्रश्न : आमच्या विशेष शाळेत जागतिक दिव्यांग दिनाच्या सुमारास क्रीडास्पर्धा होतात. तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांची व्हीलचेअर आम्ही मदतनीस ढकलत धावतो आणि शेवटी सर्वांना पदके देतो. पालक टाळ्या वाजवतात, पण माझ्या मनाला ते पटत नाही. दुसरे काय करता येईल? (एक विशेष शिक्षिका, पंचवटी)

उत्तर : बाई, न पटणे योग्यच आहे. त्या शर्यतीत धावतात ते मदतनीस, आणि जिंकतो तो ज्याचे गुडघे शाबूत आहेत असा मदतनीस. काही मुलांना वेगाचा आनंद होतो, हे मान्य करून तो खेळ मौज म्हणून जरूर ठेवावा. फक्त त्याला त्या मुलाची स्पर्धा म्हणू नये आणि गोंगाटाने दचकणाऱ्या मुलाला त्यात ओढू नये. मुलाने मान फिरवली, डोळे मिटले, अंग ताठ केले, तर तो नकार आहे असे धरून चालावे. नकार ऐकला जाईल याची खात्री असली, तरच होकाराला काही मोल राहते.

युनिस केनेडी श्रायव्हर यांनी १९६८ साली सुरू केलेल्या स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये, नियमांनुसार स्पर्धेत उतरता येणार नाही अशा तीव्र बौद्धिक अक्षमतेच्या खेळाडूंसाठी कारक, म्हणजे शारीरिक हालचालींच्या, कौशल्यांच्या सरावाचा एक स्वतंत्र कार्यक्रम आहे. त्यात क्रमांक काढले जात नाहीत. प्रत्येक खेळाडूसाठी एक कृती ठरवली जाते, जसे की दोरीला लटकवलेल्या चेंडूला हाताने ढकलणे, पायाने डबा पाडणे, लोळत गादीच्या पलीकडच्या कडेला पोहोचणे. काही आठवडे तिचा नियमित सराव होतो आणि शेवटी एक दिवस सर्वांसमोर ती करून दाखवली जाते. स्पर्धेच्या दिवशी प्रथमच मैदान पाहणाऱ्या मुलाकडून काही होत नाही, ते सरावाअभावी होत नाही, हे आपण शिक्षकांनी लक्षात घ्यायला हवे. डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी ऑक्टोबरच्या आरंभी कृती ठरलेल्या असाव्यात.

खऱ्या अर्थाने स्पर्धाच हवी असेल, तर बोचिया हा खेळ निवडावा असे मी आग्रहाने सुचवेन. १९८४ पासून पॅरालिम्पिक्समध्ये असलेला हा खेळ मुळात सेरेब्रल पाल्सी असलेल्या खेळाडूंसाठी विकसित झाला. पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपले चेंडू पोहोचवायचे, एका बाजूला सहा लाल, दुसऱ्या बाजूला सहा निळे, एवढाच त्याचा गाभा आहे. प्रत्येक चेंडू २७५ ग्रॅमचा असतो. ज्यांना चेंडू फेकताही येत नाही, त्यांच्यासाठी बीसी-३ नावाचा गट आहे, ज्यात चेंडू उतरत्या घसरगुंडीवरून सोडला जातो. हनुवटीने, कपाळाला बांधलेल्या दांडीने किंवा मनगटाच्या धक्क्याने चेंडू सुटला तरी चालते. घसरगुंडी हलवणारा मदतनीस मैदानाकडे पाठ करूनच बसतो आणि मागे वळून पाहण्याची त्याला मुभा नसते; नेम कोठे धरायचा, हे खेळाडूने ठरवायचे आणि त्याच्या खुणेबरहुकूम मदतनिसाने घसरगुंडी सरकवायची. अपंग व्यक्तीच्या वतीने ठरवून टाकण्याची आपली सवय या एका नियमाने मोडीत निघते.

साहित्याचा खर्च फारसा नाही. चेंडूचा व्यास साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास असल्याने हार्डवेअरच्या दुकानातील ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप उभा चिरून घेतला, की घसरगुंडी तयार होते. वरचे टोक व्हीलचेअरच्या ट्रेपाशी आणि खालचे जमिनीवर टेकवावे, कडा मात्र कानशीने घासून घ्याव्यात. नियमाप्रमाणे मैदान १२.५ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद असते, पण शाळेच्या वऱ्हांड्यात त्याच्या निम्म्या जागेतही खेळ रंगतो. न बोलणाऱ्या मुलासाठी मदतनिसाने घसरगुंडी डावीकडून उजवीकडे अगदी सावकाश न्यावी आणि मुलाने आवाज केला, पापणी मिटली किंवा हात आपटला, की तेथेच थांबावे. पहिल्या काही तासिकांत मुलाला आपल्या आवाजाने घसरगुंडी थांबते हेच कळलेले नसते. ते कळले, की त्याच्या चेहऱ्यावर ते पालकांना शेवटच्या रांगेतूनही दिसते. नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी १९७७ साली ‘प्रबोधिनी’ या विशेष शाळेचे काम सुरू केले तेव्हापासून शहराला विशेष शाळांची ओळख आहे. चार-पाच शाळांनी मिळून आपापसांत बोचियाचे सामने भरवणे येथे अवघड जाऊ नये.

प्रश्न : माझा चोवीस वर्षांचा भाऊ बहुविकलांग आहे आणि पाण्याचा आवाज ऐकला तरी आनंदाने ओरडतो. शहरातील एका तलावावर आम्ही चौकशी केली, तेव्हा ‘अशांना आम्ही घेत नाही, काही झाले तर जबाबदारी कोणाची’ असे सांगून परत पाठवले. त्याला फिट येतात, पण औषधाने त्या आटोक्यात आहेत. त्याला पाण्यात नेणे सुरक्षित आहे का, आणि तलाववाल्यांना काय सांगावे? (एक भाऊ, नाशिकरोड)

उत्तर : पाण्यात शरीराचा भार हलका होतो, त्यामुळे जमिनीवर एक बोटही न हलवणारी व्यक्ती तेथे हातपाय मारताना दिसते, आणि छातीवर पाण्याचा दाब असल्याने श्वासाच्या स्नायूंनाही काम पडते. जेम्स मॅकमिलन यांनी १९४९ साली लंडनच्या हॅलिविक शाळेतील अपंग मुलींना पोहायला शिकवताना जी पद्धत विकसित केली, ती आज हॅलिविक पद्धत म्हणून ओळखली जाते. तिच्यात फुगवलेली साधने न वापरता एका व्यक्तीमागे एक शिक्षक असतो आणि पोहण्याच्या आधी पाण्यात तोल सांभाळणे व श्वास सोडणे शिकवले जाते. गळ्याभोवती घालायची फुगवलेली रिंग आपल्या भावासाठी कधीही वापरू नये.

फिट आटोक्यात असल्या, तरी न्यूरॉलॉजिस्टची लेखी संमती घ्यावी, आणि पाण्यात एक जण सतत त्याच्या हाताच्या अंतरावर, त्याचा चेहरा दिसेल अशा बाजूला असावा. काठावर बसलेला रक्षक त्याला पर्याय ठरत नाही. पाण्यात फिट आलीच, तर डोके मागे धरून चेहरा पाण्याच्या वर ठेवावा, झटके थांबल्यावर त्याला बाहेर काढावे, आणि पाणी पोटात वा छातीत गेल्याची शंका असली तरी दवाखान्यात नेऊन तपासून घ्यावे. घशाला छिद्र करून नळी बसवली असेल, तर तलाव नकोच. नाशिकच्या थंडीत उघड्या तलावाचे पाणी ताठ अंगाला सोसत नाही. अशा स्नायूंना साधारण ३२ ते ३४ अंशांचे पाणी मानवते. म्हणून मार्च ते मे या काळात, ऊन चढल्यावर, आरंभी दहा-पंधरा मिनिटे जावे, आणि ओठ निळसर दिसू लागले किंवा कापरे भरले, की बाहेर पडावे.

तलावाच्या उत्तराविषयी सांगायचे तर ते कायद्याला धरून नाही. भारताने २००७ साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारातील कलम ३० क्रीडा व करमणुकीतील सहभागाविषयी आहे, आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ३० मध्येही दिव्यांगांचा क्रीडाप्रकारांत परिणामकारक सहभाग व्हावा म्हणून उपाय योजणे हे शासनाचे कर्तव्य ठरवले आहे. जबाबदारीची भीती मात्र मी खोटी मानत नाही; तलावावरील माणसाला कोणी प्रशिक्षण दिलेले नसते आणि अपघात झाला, तर आधी त्यालाच जाब विचारला जातो. त्यामुळे भांडण्यापेक्षा लेखी अर्ज उपयोगी पडतो.

अर्जासोबत भावाच्या यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या ओळखपत्राची) प्रत आणि डॉक्टरांची संमती जोडावी, पाण्यात सोबत कोण उतरणार आहे ते नावानिशी लिहावे, आणि गर्दी नसलेला एक ठरावीक तास मागावा. तलाव महापालिकेचा असेल, तर अर्जाची दुसरी प्रत पालिकेच्या दिव्यांग कल्याणाचे काम पाहणाऱ्या विभागाकडे द्यावी. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करणे अपेक्षित असते आणि तो बऱ्याचदा एकेका व्यक्तीला थोडी थोडी रक्कम वाटून संपतो. त्यातून पाण्यात उतरवण्याची उचलखुर्ची, कपडे बदलण्यासाठी प्रौढ माणूस आडवा होऊ शकेल असा बाक आणि तलावावरील कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण या तीन गोष्टी मागाव्यात. आपल्यासारखी आणखी दोन-चार कुटुंबे असतील, तर सर्वांच्या सह्यांचा एकच अर्ज करावा आणि त्यावर आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. थेरपीच्या खर्चासाठी राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विमा योजनेत भावाचे नाव नसेल, तर तेही नोंदवून घ्यावे. तिच्यात वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतच्या संरक्षणात नियमित थेरपीचाही समावेश आहे.